वाट देणारें चाक

मोटारगाडीचा इतिहास सांगणारे बहुधा वेगाचा इतिहास सांगतात. कोणत्या वर्षीं कोणती गाडी ताशीं किती मैल धांवली, कोणत्या शर्यतींत कोणी कोणास मागें टाकलें, कोणाच्या एंजिनांत किती घोड्यांचें बळ होतें, या गोष्टींनीं पानेंच्या पानें भरलेलीं असतात. परंतु मोटार धांवूं लागण्यापूर्वीं एक अगदीं साधी क्रिया घडावी लागते. माणसास तींत शिरून बसावें लागतें. प्रवास संपला कीं तितकीच साधी दुसरी क्रिया. त्यास तींतून बाहेर पडावें लागतें. तरुण आणि सडपातळ मनुष्यास या दोन क्रियांचें कांहींच वाटत नाहीं. परंतु ज्याचे गुडघे धरले आहेत, ज्याचें पोट सुटलें आहे, ज्याची कंबर लवत नाहीं, किंवा जी गर्भवती स्त्री स्वतःची गाडी स्वतः चालविते, अशांना विचारलें तर मोटारीचा सर्वांत बिकट प्रवास हा दारापासून बैठकीपर्यंतच्या दोन हातांचाच असतो, असें उत्तर मिळेल.

या दोन हातांच्या वाटेवर एक पहारेकरी उभा असतो. तो म्हणजे स्टिअरिंगचें चाक. मागच्या बैठकीवरील उतारूला हा पहारेकरी भेटत नाहीं. चालकाला मात्र प्रत्येक वेळीं त्याची मनधरणी करावी लागते. श्रोत्यांनीं चालकाची जागा क्षणभर डोळ्यांपुढें आणावी. पाठीशीं बैठकीची पाठ, छातीपुढें चाक, पावलांपाशीं पेडल, डोक्यावर छप्पर आणि बाजूस दाराची चौकट. आंत जातांना एक पाय प्रथम टाकावयाचा, मग मान लववून कंबर आडवी सरकवावयाची, मांडी चाकाच्या कडेखालून काढावयाची आणि शेवटीं दुसरा पाय आंत ओढून घ्यावयाचा. उतरतांना हीच कसरत उलट्या क्रमानें करावी लागते, आणि ती अधिक अवघड असते. कारण त्या वेळीं सगळ्या देहाचा भार खालून वर उचलावयाचा असतो. चाक हातांच्या आटोक्यांत असावें तर तें वाटेंत येतें. वाटेंतून दूर सारावें तर तें हातांच्या आटोक्यांत राहत नाहीं. या एका विरोधांतून शंभराहून अधिक वर्षें नानाविध युक्त्या जन्मास आल्या. त्यांची कथा वेगाच्या कथेइतकी झगझगीत नसली तरी माणसाच्या अधिक जवळची आहे.

प्रारंभीं हा प्रश्न नव्हताच, कारण प्रारंभीं चाकच नव्हतें. जर्मनीच्या कार्ल बेंझनें १८८६ सालीं ज्या तीनचाकी गाडीचें पेटंट घेतलें, तिचें पुढचें चाक वळविण्यासाठीं एका उभ्या दांड्याच्या टोकाला मूठ बसविलेली होती. पुढें आलेल्या बहुतेक गाड्यांत होडीच्या सुकाणूसारखा दांडा असे. हा दांडा मोठा सौजन्यशील होता. गाडी उभी राहिली कीं तो बाजूला सारावा आणि खुर्चीवरून उठावें तसें उठून खालीं उतरावें. अमेरिकेंत १९०१ पासून हजारोंच्या संख्येनें निघालेल्या 'कर्व्हड् डॅश' ओल्ड्समोबील या लहानग्या गाडीला असाच सुकाणू-दांडा होता.

पण या सौजन्याची किंमत रस्त्यावर द्यावी लागे. दांडा आणि पुढचीं चाकें यांचा संबंध अगदीं थेट असल्यामुळें चाकाखालीं दगड आला कीं त्याचा हिसका सरळ चालकाच्या मनगटाला बसे. गाड्या मंदगति होत्या तोंवर हें निभावलें. वेग वाढला तसा दांडा धोक्याचा होऊं लागला. फ्रान्सचा एमिल लव्हासोर हा त्या काळचा नामांकित यंत्रज्ञ. १८९५ सालीं पॅरिसहून बोर्दोला जाऊन परत येण्याच्या शर्यतींत त्यानें जवळजवळ अठ्ठेचाळीस तास एकट्यानें गाडी हांकली, आणि तीहि अशाच सुकाणू-दांड्याची. पुढच्याच वर्षीं पॅरिस ते मार्सेय या शर्यतींत वाटेंत आलेल्या कुत्र्याला चुकवितांना त्याची गाडी उलटली व तो जबर जखमी झाला. १८९७ च्या एप्रिल महिन्यांत तो मरण पावला. मोटारीला हातांनीं आवरण्याचें अधिक भरंवशाचें साधन पाहिजे, हें त्या सुमारास सर्वांनाच कळून चुकलें होतें.

असें साधन एका माणसानें आधींच वापरून पाहिलें होतें. १८९४ सालीं पॅरिस ते रूआं या मार्गावर घोड्यांवांचून चालणाऱ्या गाड्यांची जी चढाओढ झाली, तींत आल्फ्रेड व्हाशरों या गृहस्थानें आपल्या पानार गाडीला दांड्याऐवजीं गोल चाक बसविलें होतें. चाकाचा लाभ असा, कीं त्याच्या व पुढच्या चाकांच्या मध्यें दांत्यांची योजना करतां येते. हातानें चाक पुष्कळ फिरवावें आणि गाडीचीं चाकें थोडीं वळावीं, असें केलें म्हणजे रस्त्याचा हिसका हातापर्यंत पोंचतां पोंचतां मवाळ होतो. १८९८ सालीं पानार कंपनीचा एंजिनिअर आर्थर क्रेब्स यानें पॅरिस-ॲम्स्टरडॅम शर्यतीच्या गाडीला तिरप्या दांड्यावर चाक बसविलें. १९०१ च्या आरंभीं नीसच्या शर्यतींत गाजलेल्या मर्सिडिज गाडीनें लांब, बुटका आणि तिरप्या चाकाचा जो घाट घालून दिला, तोच पुढें सगळ्यांनीं उचलला.

चाक सरळ उभ्या दांड्यावर न बसवितां तिरपें केल्यानें हातांना आराम मिळाला. पण त्याच क्षणीं तें चालकाच्या छातीकडे वळलें. दांडा बाजूला होत असे. चाक बाजूला होईना. सुरक्षिततेसाठीं आणलेली वस्तु सुलभतेच्या आड आली. ही तक्रार तेव्हांपासूनची आहे.

जुन्या दांड्याचें सौजन्य कांहीं गाड्यांत मात्र बरींच वर्षें टिकून राहिलें. विजेच्या घटांवर चालणाऱ्या, संथ आणि निःशब्द अशा गाड्या त्या काळीं अमेरिकेच्या शहरांतून हिंडत. 'डेट्रॉइट इलेक्ट्रिक' ही त्यांतली प्रसिद्ध गाडी. तिची रचना काचेच्या दिवाणखान्यासारखी असे, आणि सुकाणू-दांडा उचलून बाजूस करतां येई. पेट्रोलच्या गाड्यांचा जगांतला सर्वांत मोठा कारखानदार हेन्री फोर्ड. पण त्याची पत्नी क्लॅरा ही १९१४ सालची एक डेट्रॉइट इलेक्ट्रिक वापरीत असे. त्या दशकाच्या आरंभीं पाश्चात्य स्त्रियांत घोट्यापाशीं आंवळलेल्या झग्यांची ढब होती. तसा झगा नेसून चाकाच्या कडेखालून मांडी काढणें म्हणजे काय, याची कल्पना कोणासहि करतां येईल. दांडा वर करून सरळ उठतां येणारी गाडी त्यांना प्रिय वाटली यांत नवल नाहीं.

उतारूंचा प्रश्न निराळ्या रीतीनें सुटत गेला. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन-चार वर्षांत गाड्या इतक्या आंखूड असत, कीं मागच्या बैठकीला बाजूनें दार ठेवावयास जागाच नसे. दार गाडीच्या पाठीमागें असे आणि मंडळी चिखलांत उतरून मागून आंत चढत. गाडीची लांबी वाढली तेव्हां दारें बाजूस आलीं, त्यांच्याखालीं लांब पायरी आली, आणि उतारू सुखी झाला. चालकाच्या वांट्याला तें सुख लवकर आलें नाहीं.

त्याचें उत्तम उदाहरण म्हणजे फोर्डची 'मॉडेल टी'. १९०८ ते १९२७ या काळांत हिच्या दीड कोटीहून अधिक गाड्या निघाल्या. अमेरिकेंत बनलेल्या उघड्या टूरिंग गाडीला १९१२ पासून १९२५ पर्यंत चालकाच्या बाजूस उघडणारें दारच नव्हतें! पत्र्यावर दाराची नुसती आकृति उमटविलेली असे. चालक डाव्या हाताला बसे, आणि उजव्या बाजूच्या दारानें शिरून, शेजारची जागा ओलांडून, आडवा सरकत चाकामागें जाई. कॅनडांत तयार होणाऱ्या गाड्यांना मात्र तें दार खरें असे. कारण त्या डाव्या बाजूनें रहदारी चालणाऱ्या देशांनाहि पाठवावयाच्या असत, आणि तेथें चालकाची जागा बदले.

यांत भर अशी, कीं त्या काळीं एंजिन सुरू करावयाचें तर खालीं उतरून गाडीच्या पुढें जावें लागे व लोखंडी हँडल फिरवावें लागे. एंजिन धडधडूं लागलें, कीं ठिणगीचा वेळ ठरविणारा चाकाखालचा लहान दांडा नीट करण्यासाठीं धांवत परत यावयाचें. गाडी वाटेंत बंद पडली तर पुन्हां उतरणें, पुन्हां हँडल, पुन्हां चढणें. ज्या गाडींत चालकाला दार नाहीं, तिच्यांतून दिवसांतून दहा वेळां असें चढावें-उतरावें लागे! चाकाखालून अंग काढण्याची कसरत ही त्या पिढीची नित्याची तालीम होती. १९१२ सालीं कॅडिलॅक गाडीला विजेचा स्टार्टर लागला, तेव्हां हँडलानें मनगटें मोडण्याचें थांबलें असें सर्वजण सांगतात. त्या स्टार्टरनें चालकाच्या चढण्या-उतरण्याच्या खेपाहि कमी केल्या, हें फारसें कोणी सांगत नाहीं.

अशा परिस्थितींत कोणा कारागिराच्या मनांत चाकच हलविण्याची कल्पना यावी, हें साहजिक होतें. १९१० नंतरच्या काळांत अमेरिकेच्या बाजारांत जोडसामान म्हणून एक नव्या तऱ्हेचें चाक विकावयास आलें. त्याच्या मध्यभागीं बिजागरी असे. खिटी ओढली कीं चाक आपल्या दांड्यावर कलंडून उभें होई, किंवा सरकून बाजूला जाई. चालक बसला कीं तें पुन्हां जागेवर आणून खिटी लावावयाची. या चाकाला लोकांनीं नांव ठेवलें 'लठ्ठ माणसाचें चाक'. नांवांत थट्टा होती, पण मालाला गिऱ्हाईक होतें, आणि तें सगळें लठ्ठ नव्हतें. हिंवाळ्यांत जाड डगला घालणारे, गुडघ्यानें अधू असलेले, आणि शेजारच्या जागेवरून सरकत येणारे, या सर्वांनाच त्याचा उपयोग होता. ज्या सोयीची गरज सर्वांना असते तिला एकाच प्रकारच्या माणसाचें नांव देऊन हंसावयाचें, ही जगाची जुनी खोड आहे. त्यामुळें ती सोय मागण्याची इतरांना लाज वाटते.

१९२० नंतर मोटारी बंदिस्त झाल्या आणि १९३० नंतर बुटक्या होऊं लागल्या. छप्पर खालीं आलें तशी मान अधिक लववावी लागली. या काळांत कांहीं गाड्यांचीं दारें मागच्या बाजूला बिजागऱ्या लावून बसवीत. असें दार उघडलें कीं वाट मोठी मोकळी मिळे. पण धांवत्या गाडींत तें चुकून उघडलें तर वारा त्याला पुरतें उलटें फेकून देई आणि आंतला माणूस बाहेर ओढला जाई. लोकांनीं त्याला 'आत्मघाती दार' म्हटलें, आणि तें हळूहळू मागें पडलें. दुसरी युक्ति अधिक यशस्वी झाली. १९३८ सालीं कॅडिलॅकनें गिअरचा दांडा जमिनीवरून उचलून चाकाखालीं, स्टिअरिंगच्या दांड्याला जोडला. पुढचें तळ मोकळें झालें. बांकासारख्या सलग बैठकीवर तिघे बसूं लागले, आणि रहदारीच्या बाजूस न उतरतां चालकाला पदपथाच्या बाजूनें सरकत उतरतां येऊं लागलें.

मुंबईकरांना ही रचना पुढें अनेक वर्षें परिचयाची होती. मुंबईंत शिवडीला जनरल मोटर्सनें १९२८ सालीं गाड्यांची जुळणी सुरू केली. १९४४ सालीं स्थापन झालेल्या प्रीमियर कंपनीनें पुढें कुर्ल्याच्या कारखान्यांत फिआट गाड्या बनविल्या, आणि त्यांतूनच 'पद्मिनी' आली. काळ्या-पिवळ्या रंगाची पद्मिनी टॅक्सी म्हणजे मुंबईची एक खूणच होऊन बसली होती. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ती रस्त्यावरून गेली. तिचा गिअर चाकाखालीं होता, पुढची बैठक सलग होती, आणि चाक मात्र जागचें तसूभर हलत नसे. उंच असो वा ठेंगणा, सडपातळ असो वा स्थूल, टॅक्सीवाल्याला आपलेंच शरीर त्या चाकाच्या मापानें बसवावें लागे. कोणी पाठीशीं गादी ठेवी, कोणी खालीं उशी घेई. धनिकाच्या घरच्या गाडींत हा प्रश्न मालकाला कळतच नसे, कारण तो मागें बसे. चाकाशीं झोंबणारा पगारी शोफर निराळा. सोयीची मागणी ज्यानें करावयाची तो गाडी विकत घेणारा नव्हता, आणि जो विकत घेणारा होता त्याला अडचण ठाऊक नव्हती. कित्येक सुधारणा आपल्याकडे उशिरां कां आल्या, याचें एक कारण येथें सांपडतें.

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपांत वेगवान क्रीडा-गाड्यांचें युग आलें. १९४८ सालीं लंडनच्या प्रदर्शनांत आलेल्या जॅग्वार 'एक्सके १२०' गाडीचें चाक दुर्बिणीच्या नळीसारखें पुढें-मागें सरकवितां येई. मधलें कडें सैल करावें, चाक ओढावें किंवा ढकलावें, आणि कडें पुन्हां घट्ट करावें. हात लांब सोडून बसणारा आणि चाकाला बिलगून बसणारा, दोघांनाहि एकच गाडी चालूं लागली.

१९५४ सालच्या मर्सिडिज '३०० एसएल' गाडीची गोष्ट याहून मनोरंजक आहे. तिचा सांगाडा पोलादी नळ्यांच्या जाळीचा होता. वजनाला हलका आणि बळकटीला भारी. पण त्या जाळीच्या नळ्या बाजूनें इतक्या वर आल्या होत्या, कीं सामान्य दाराला जागाच उरली नाहीं. म्हणून दारें छपराला बिजागऱ्या लावून वर उघडणारीं केलीं. दोन्हीं उघडलीं म्हणजे गाडी पंख पसरलेल्या पक्ष्यासारखी दिसे. लोक त्या पंखांवर लुब्ध झाले. परंतु आंत शिरावयाचें म्हणजे रुंद आणि उंच उंबरठा ओलांडून खालीं घसरावयाचें, आणि पुढें चाक! तेव्हां यंत्रज्ञांनीं चाकाला सांधा दिला. तें आडवें पाडावें, पाय आंत घ्यावे, आणि मग चाक उभें करून पक्कें करावें. पंखांची प्रसिद्धि सगळ्या जगांत झाली; खरें काम मात्र त्या मुकाट्यानें वाकणाऱ्या चाकानें केलें. अशा १४०० गाड्या निघाल्या. १९५७ सालीं त्याच गाडीचा उघडा प्रकार काढतांना सांगाडाच बदलून बाजू खालीं आणल्या, आणि साधीं दारें बसविलीं. रोगाचें मूळ सांपडलें कीं औषधाची गरज कमी होते, तसाच हा प्रकार.

त्याच दशकांत अमेरिकेंत उलट दिशेनेंहि प्रगति चालली होती. पुढची कांच दोन्हीं बाजूंस वळवून आणण्याची ढब १९५४ च्या सुमारास फैलावली. देखावा मोठा ऐटदार होता. पण त्यापायीं कांचेचा खांब मागें रेटला गेला व त्याचें खालचें कोपर दाराच्या वाटेंत पुढें आलें. उतरतांना गुडघा नेमका त्यावर आपटे. कांहीं वर्षांतच ती ढब ओसरली. पण गुडघ्यांनीं सोसलें तें सोसलेंच. १९५९ सालीं क्रायस्लर कंपनीनें चाक तसेंच ठेवून बैठकच दाराकडे वळविण्याची युक्ति काढली. बसणाऱ्यानें बाहेर तोंड करून खुर्चीवर बसावें आणि खुर्चीसह आंत वळावें. कल्पना सुंदर होती, पण ती त्या काळीं रुजली नाहीं.

१९६१ सालीं फोर्डच्या 'थंडरबर्ड' गाडींत चाकाच्या इतिहासांतला सर्वांत थाटाचा प्रयोग झाला. ही गाडी बुटकी, आणि तिच्या पुढच्या दोन बैठकींमध्यें उंच ओटा. त्यामुळें सरकत पलीकडे जाण्याची सोय नाहीं. म्हणून स्टिअरिंगचा दांडाच वीतभर किंवा थोडा अधिक उजवीकडे सरकेल अशी योजना केली. यांतली शहाणपणाची गोष्ट ही, कीं गिअर 'पार्क'वर असल्याखेरीज दांडा हलत नसे, आणि दांडा जागेवर आल्याखेरीज गाडी गिअरमध्यें पडत नसे. 'लठ्ठ माणसाच्या चाका'ची खिटी माणसाच्या सावधपणावर सोपविलेली होती. येथें ती यंत्राच्या तर्कावर सोपविली गेली. ज्या साधनावर प्राण अवलंबून आहेत तें सैल करावयाचें, तर तें नको त्या वेळीं सैल होणार नाहीं याची हमी प्रथम द्यावयाची, हा धडा त्या रचनेनें दिला.

जनरल मोटर्सनें १९६३ पासून याहून साधा मार्ग रूढ केला. चाकाच्या लगेच खालीं दांड्याला एक सांधा, त्याला दांत्यांची खीळ, आणि सात ठिकाणीं थांबणारें चाक. खटका दाबावा, चाक वर करावें, उतरावें. १९६५ सालीं कॅडिलॅकनें हेंच चाक आंत-बाहेरहि सरकेल असें केलें. या रचनेंत थंडरबर्डचा थाट नव्हता. पण तिचा एक गुण निर्णायक ठरला. हें चाक केवळ उतरतांना वाट देत नव्हतें, तर गाडी चालवितांनाहि प्रत्येकाच्या अंगाप्रमाणें आपली जागा घेत होतें. चढण्या-उतरण्याची सोय आणि बैठकीची सोय या दोन गोष्टी प्रथमच एका सांध्यांत एकत्र आल्या.

एवढ्यांत एक गंभीर प्रश्न पुढें आला. स्टिअरिंगचा दांडा हा एक लांब, ताठ लोखंडी भाला आहे. त्याचें एक टोक गाडीच्या पुढच्या भागांत आणि दुसरें चालकाच्या छातीसमोर. समोरून टक्कर झाली कीं गाडीचें नाक चेपून मागें येतें आणि त्याबरोबर हा भालाहि मागें येतो. अशा आघातानें छाती भेदून किती चालक मृत्युमुखीं पडले असतील! १९६५ सालीं राल्फ नाडर यांच्या पुस्तकानें अमेरिकेंत मोटारींच्या असुरक्षिततेविरुद्ध मोठें वादळ उठलें, १९६६ सालीं तेथें सुरक्षिततेचा कायदा झाला, आणि १ जानेवारी १९६८ पासून दांड्याविषयींचे नियम अंमलांत आले. ताशीं ३० मैल वेगानें भिंतीवर आदळल्यास दांड्यानें मागें पांच इंचांहून अधिक येतां कामा नये, असा त्यांतला एक नियम. त्यासाठीं आघात होतांच स्वतः चेपून जाणारे दांडे तयार झाले. थंडरबर्डचा आडवा सरकणारा दांडा १९६७ सालींच निघून गेला होता. त्याच्या जागीं वर कलणारें चाक आलें. ज्या दांड्यानें आडवें सरकावयाचें त्यानेंच संकटकाळीं नेमकें उभें चेपावयाचें, हें एकाच ठिकाणीं साधणें सोपें नव्हतें. सुलभता आणि सुरक्षितता यांचा जुना तंटा पुन्हां उभा राहिला, आणि या वेळीं सुरक्षिततेचा कौल योग्यच होता.

पण तंट्याचा शेवट येथें झाला नाहीं. १९८१ च्या सुमारास मर्सिडिजनें चाकाच्या पोटांत एअरबॅग आणली. टक्कर होतांच डोळ्याचें पातें लवण्याआधीं ती फुगते आणि छातीला झेलते. मात्र ती फुगतांना तिचा धक्काच इतका जबर असतो, कीं चाकाला चिकटून बसलेल्याला तोच इजा करतो. ठेंगण्या चालकांना, विशेषतः स्त्रियांना, पेडलपर्यंत पाय पोंचविण्यासाठीं बैठक पुढें घ्यावी लागे. त्यांच्या बाबतींत रक्षण करणारी वस्तुच घातक ठरल्याचीं उदाहरणें अमेरिकेंत १९९० नंतर घडलीं. तेव्हां सल्ला देण्यांत आला, कीं छाती आणि चाकाचा मध्य यांत निदान १० इंचांचें अंतर असावें. तें ठेवावयाचें कसें? चाक मागें-पुढें आणि खालीं-वर करतां आलें तरच. एके काळीं ज्याला लठ्ठ माणसाची चैन म्हणून हंसले, तीच सोय आतां ठेंगण्या स्त्रीच्या प्राणरक्षणाचें साधन ठरली. इतिहास असा कधीं कधीं थट्टेचें उत्तर देतो.

पुढची वाटचाल थोडक्यांत सांगतां येईल. १९८९ च्या लेक्सस 'एलएस ४००' गाडींत किल्ली काढतांच विजेची मोटर चाकाला आपोआप वर उचलून घेई, आणि चालक पुन्हां बसून किल्ली लावतांच तें त्याच्या नेहमींच्या जागीं येई. १९९४ सालीं फोर्ड कंपनीनें निराळाच उपाय केला. तिच्या तरुण यंत्रज्ञांना गुडघे, कोपरें आणि मान आखडून टाकणारा, दृष्टि मंद करणारा एक पोशाख घालावयास दिला, आणि त्या पोशाखांत त्यांना गाडींत चढ-उतर करावयास लावलें. तीस वर्षांच्या माणसाला सत्तरीचें शरीर कांहीं घटका उसनें मिळालें. १९९८ च्या 'फोकस' गाडीचीं दारें आणि बैठका ठरवितांना या अनुभवाचा उपयोग झाला. जपानांत, जेथें वृद्धांची संख्या फार मोठी आहे, दाराकडे वळणारी बैठक पुन्हां आली आणि या वेळीं रुजली. क्रायस्लरची जुनी कल्पना तेथें थट्टेचा विषय झाली नाहीं, कारण ती ज्यांच्यासाठीं होती त्यांना डोळ्यांपुढें ठेवून ती केली गेली.

शर्यतीच्या मैदानावर हा प्रश्न अगदीं उघडा होतो. फॉर्म्युला वनच्या गाडींत चाक काढून हातांत घेतल्याखेरीज चालकाला बाहेर पडतांच येत नाहीं. डोक्याभोंवतीं संरक्षक कडें आल्यावर २०१८ पासून नियम असा, कीं पट्टे बांधलेल्या स्थितींतून चाक काढून सात सेकंदांत बाहेर पडतां आलें पाहिजे. तेथें उतरण्याची सुलभता ही चैन नसून आगींतून वांचण्याची अट आहे. आणि २०२३ सालीं आलेल्या टेस्लाच्या 'सायबरट्रक' गाडींत तर चाक आणि पुढचीं चाकें यांना जोडणारा दांडाच राहिला नाहीं. हाताची आज्ञा तारेवरून जाते. ज्या भाल्याला सत्तर वर्षें माणसें भ्याली तो येथें नाहींसा झाला. तरी चाक छातीपुढें आहेच, आणि मांडी त्याच्या कडेखालून काढावी लागतेच.

या सगळ्या कथेंत एक गोष्ट वारंवार दिसते. यंत्र प्रथम एका कल्पित माणसासाठीं घडतें. तो मध्यम उंचीचा, निरोगी, तरुण पुरुष असतो. बाकीच्यांनीं, म्हणजे वस्तुतः बहुतेकांनीं, त्याच्या मापांत स्वतःला कोंबावयाचें. मग कोणी तरी कण्हतो, कोणी हंसतो, आणि कोणी एक कारागीर चाकाला बिजागरी लावतो. वृद्ध माणूस गाडी चालवावयाचें सोडून देतो तें पुष्कळदां दृष्टि गेली म्हणून नव्हे, हात थरथरतात म्हणूनहि नव्हे. दारापाशीं उभे राहून कोणाचा तरी हात मागण्याचा त्याला संकोच वाटतो म्हणून. त्याच्यासाठीं वर उचललें जाणारें चाक ही यंत्रशास्त्रांतली फार मोठी करामत नव्हे. पण तेवढ्यानें तो आणखी कांहीं वर्षें आपण होऊन दार उघडतो, आपण होऊन उतरतो, आणि ज्याच्या घरीं जावयाचें त्याच्या घरीं जातो.